फिलाडेल्फियात दोन दिवस: न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो या पट्ट्यात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी घरात पहिल्या उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. आई-बाबा आलेत, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आता एक शनिवार-रविवार कुठे जायचं? फिलाडेल्फियाला जा. जवळ आहे, चालत बघता येतं, आणि अमेरिका देश म्हणून जिथे कागदावर उतरला ती खोली आत जाऊन पाहता येते.

बहुतेक मंडळी फिली अर्ध्या दिवसात उरकतात. गाडी काढायची, लिबर्टी बेल या घंटेसमोर फोटो, ‘रॉकी’ चित्रपटातल्या पायऱ्यांवर फोटो, एक सँडविच, आणि रात्रीच्या वरणभाताला घरी. शहर जवळ असल्याचा हा तोटा आहे. एक रात्र राहाच, असं माझं आग्रहाचं सांगणं. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर जुन्या भागातली गर्दी ओसरते, आणि तो भाग बघावा तर त्याच वेळी.

आधी तारीख, मग इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि दमटपणा दोन्ही भरपूर. मुंबईकरांना सवय असली तरी आठ तास पायी फिरताना जीव मेटाकुटीला येतो. चार जुलैच्या आठवड्यात सुट्टी जमत असेल तर गर्दीची तयारी ठेवूनच जा. २०२६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात, त्यामुळे त्या वर्षी तर हॉटेलं फार आधी धरावी लागतील.

तारीख ठरली की हॉटेलच्याही आधी इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट काढा. पाहायला पैसे नाहीत, पण ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. ते राष्ट्रीय उद्यानांच्या आरक्षणाच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतं आणि तिकिटामागे एक डॉलर आरक्षणाचा घेतात. तान्ह्या बाळाचंही वेगळं तिकीट काढायचं. शनिवारची सकाळची तिकिटं लवकर संपतात. साडेदहा-अकराची वेळ मिळाली तर बाकीचा दिवस आपोआप नीट बसतो. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी सुरक्षा तपासणीच्या रांगेत हवं, म्हणून मोठ्या सॅक हॉटेलवरच ठेवा.

जायचं कसं

घाई असेल तर मेट्रोपार्कहून ॲमट्रॅक ही लांब पल्ल्याची रेल्वे. तासाभरात थर्टीएथ स्ट्रीट स्टेशन. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. आदल्या दिवशी काढलंत तर चौघांच्या कुटुंबाला ते चांगलंच जड जातं.

स्वस्तातला मार्ग न्यू जर्सी ट्रान्झिटचा. एडिसन किंवा प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेंटनला जायचं, तिथे गाडी बदलून सेप्टाची, म्हणजे फिलीच्या वाहतूक संस्थेची, लोकल पकडायची. ट्रेंटनहून शहराच्या मध्यभागी पोचायला साधारण पन्नास मिनिटं लागतात. दोन्ही कंपन्यांची तिकिटं वेगळी. ट्रेंटनला एक गाडी चुकली की विकेंडला पुढचीची वाट बघत बसावं लागतं, म्हणून दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून गाडी ठरवा. या लोकलने आलात तर जेफरसन स्टेशनला उतरा. हॉटेलांना आणि रीडिंग टर्मिनल मार्केटला तेच जवळ.

ॲमट्रॅकने आलात तर मात्र थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनवर दहा मिनिटं थांबा. १९३३ सालचं हे स्टेशन, त्याचा तो उंचच उंच हॉल, आणि पूर्वेच्या टोकाला मृत सैनिकाला उचलून घेणारा काळा पंखधारी देवदूत. दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे १,३०७ कर्मचारी गेले, त्यांचं हे स्मारक. माणसं त्याच्या पायाशी बॅगा टेकवून फोनवर बोलत असतात. स्टेशनजवळूनच सबवेची एल लाइन मिळते. तिने फिफ्थ स्ट्रीटला उतरलात की इंडिपेंडन्स हॉल एका चौकावर.

गाडीनेच जायचं असेल तर बेंजामिन फ्रँकलिन पुलावर टोल फक्त फिलीत शिरताना लागतो, परतताना नाही. त्रास होतो तो पार्किंगचा. रस्त्यावरच्या पाट्या दोन-दोनदा वाचूनही कळत नाहीत आणि दंड मात्र चटकन लागतो. गॅरेजमध्ये गाडी लावा आणि दोन दिवस तिला हात लावू नका. सीटवर बॅग, चार्जर, काहीही दिसेल असं सोडू नका. नुसती एक दिवसाची चक्कर असेल तर आणखी एक सोय आहे. २९५ महामार्गालगत वुडक्रेस्ट स्टेशनवर गाडी ठेवून पॅटको ही छोटी रेल्वे पकडायची. ती थेट फ्रँकलिन पुलावरून नदी ओलांडते आणि एटथ अँड मार्केटला सोडते. लहान मुलांना सगळ्या सहलीत हीच गोष्ट जास्त आवडली, असंही होतं.

राहायचं कुठे, आणि नकाशा डोक्यात कसा ठेवायचा

विल्यम पेनने १६८२ मध्ये शहर आखलं ते सरळ काटकोनात. ही आखणी एकदा समजली की फोन खिशात ठेवता येतो. पूर्वेला डेलावेअर नदी. तिला समांतर, उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते आकड्यांचे: पहिला फ्रंट स्ट्रीट, मग सेकंड, थर्ड असे पश्चिमेकडे. चौदावा शोधू नका, त्याच्या जागी ब्रॉड स्ट्रीट आहे. आडवे रस्ते बरेचसे झाडांच्या नावाचे: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. मधला मार्केट स्ट्रीट. मार्केट आणि ब्रॉड एकमेकांना छेदतात तिथे सिटी हॉल, आणि त्याच्या मनोऱ्यावर ३७ फुटी विल्यम पेन टोपी घालून उभा. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही असा शहरात अलिखित संकेत होता, तो १९८७ मध्ये मोडला. त्यानंतर शहराच्या मोठ्या क्रीडा संघांना काही केल्या अजिंक्यपद मिळेना, तेव्हा लोकांनी खापर पेनच्या शापावर फोडलं. २००७ मध्ये नव्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर कामगारांनी पेनची छोटी मूर्ती चिकटवली, आणि २००८ मध्ये फिलीज बेसबॉलचा संघ जिंकला. शनीला तेल वाहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तर हॉटेल सहाव्या आणि बाराव्या रस्त्याच्या दरम्यान, मार्केट किंवा चेस्टनटच्या आसपास घ्या. विमानतळाजवळचं किंवा नदीपल्याडचं स्वस्त हॉटेल दोनदा टॅक्सी केली की महाग पडतं. जाहिरातीतल्या भाड्यावर पंधरा-सोळा टक्के कर चढतो, हे बजेटमध्ये आधीच धरा.

शनिवार: एक चौरस मैल

नऊच्या ठोक्याला लिबर्टी बेलपाशी. तिथे तिकीट नाही, पैसे नाहीत, फक्त तपासणीची रांग, आणि ती अकरापर्यंत रस्त्यावर येते. शेजारच्या व्हिजिटर सेंटरमध्ये स्वच्छतागृह आहे. आई-बाबा आणि मुलं सोबत असतील तर रांगेत लागण्याआधीच ते उरकून घ्या.

घंटेसमोर लोक सेल्फी काढून पुढे सरकतात. तुम्ही जरा जवळून बघा. ही घंटा लंडनहून १७५२ मध्ये आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. पास आणि स्टो नावाच्या दोन स्थानिक ओतकाऱ्यांनी ती वितळवून पुन्हा ओतली. अंगावर दोघांची नावं आहेत, आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगात एक ‘एन’ कमी आहे. फोटोत दिसते ती रुंद भेग खरं तर दुरुस्ती आहे: तडा पसरू नये आणि त्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून १८४६ मध्ये तो मुद्दाम कोरून रुंद केला. कडांवर अवजाराच्या खुणा अजून दिसतात. घंटा कायमची मुकी झाली ती दुसऱ्या, केसाएवढ्या तड्याने. रुंद भेग जिथे संपते तिथून नजर वर न्या. एक बारीक रेघ ‘लिबर्टी’ या शब्दामधून वर गेलेली दिसेल. घंटेला लिबर्टी बेल हे नाव रूढ केलं तेही गुलामगिरीविरोधी चळवळीने, १८३० च्या दशकात. बाहेर पडताच शेजारी उघड्यावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या अध्यक्षीय निवासाचा पाया आहे. त्या घरात त्याने नऊ गुलाम ठेवले होते. त्यांतली ओना जज १७९६ मध्ये इथूनच निसटली आणि पुन्हा कधी त्याच्या हाती लागली नाही. घंटा बघून लगेच ही जागा बघा, क्रम असाच ठेवा.

मग इंडिपेंडन्स हॉल. रेंजर गटाने आत नेतो, फेरी अर्ध्या तासाच्या आत संपते. खोली अपेक्षेपेक्षा लहान आहे: हिरव्या कापडाची टेबलं, मेणबत्त्या, दौती. ४ जुलै १७७६ ला जाहीरनामा याच खोलीत मंजूर झाला, आणि १७८७ मध्ये राज्यघटनेवर सह्याही इथेच झाल्या. टेबल-खुर्च्या बहुतेक त्या काळाच्या, पण मूळच्या नव्हेत. समोर मधोमध असलेली, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची मात्र अस्सल: घटना समितीत वॉशिंग्टन तिच्यावरच बसला होता. समितीचं काम संपताना देशाच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला, हा सूर्य उगवता की मावळता ते मला इतके दिवस कळत नव्हतं, आज उगवता असल्याची खात्री पटली. पश्चिमेकडच्या दालनात ज्या दौतीत टाक बुडवून सह्या झाल्या असं मानतात ती चांदीची दौत ठेवली आहे. फेरी संपल्यावर बरेच जण तिकडे न वळताच निघून जातात. शेजारच्या काँग्रेस हॉलमध्येही डोकावा. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, तेव्हा संसद इथे भरायची.

जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट, बारावा रस्ता आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. १८९३ पासून चालू असलेला हा बाजार आणि पुण्याची महात्मा फुले मंडई यांना एकच वास आहे, फक्त इथे कोथिंबिरीच्या जागी दालचिनी. इथे शनिवारीच जायचं, कारण आमिश या जुन्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे स्टॉल रविवारी बंद असतात. त्यांचे डोनट गरम मिळतात आणि रांग दिसते त्यापेक्षा लवकर सरकते. बॅसेट्सचं आइस्क्रीम १८६१ पासूनचं. दुपारी साडेबारा ते दोन बसायला जागा मिळणं अवघड. एकाने टेबल धरायचं, बाकीच्यांनी स्टॉल गाठायचे, ही आपली जुनी पद्धत इथे उत्तम चालते.

खाण्याचं स्पष्ट सांगतो. फिलीचा प्रसिद्ध चीजस्टेक म्हणजे बीफ. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खा, आणि काउंटरवर पोचण्याआधी दोन गोष्टी ठरवून ठेवा: चीज कुठलं, आणि कांदा हवा की नको. तिथे विचार करत उभं राहिलेलं खपवून घेत नाहीत. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी चिकनचा चीजस्टेक बऱ्याच ठिकाणी मिळतो. शाकाहारी आई-बाबांना सॉफ्ट प्रेट्झेल आणि वॉटर आइस (बर्फाच्या गोळ्यासारखा प्रकार) यांवर दिवस काढायला लावू नका. मार्केटला लागूनच चायनाटाउन आहे आणि तिथे पूर्ण शाकाहारी चिनी उपाहारगृहं आहेत. ऑर्डर देताना मासे, अंडं आणि मटणाचा रस्सा यांचं वेगवेगळं विचारून घ्या. आणि डाळभातासाठी इथे वेळ घालवू नका; तो आपल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर जास्त चांगला मिळतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

दुपारी हॉटेलमध्ये चेक-इन करून वडीलधाऱ्यांना तासभर पडू द्या. ज्यांच्यात दम असेल त्यांनी म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्युशन बघावं. तिकीट वीस-तीस डॉलरच्या घरात, पण लागोपाठ दोन दिवस चालतं. तिथे एका छोट्या नाट्यगृहात पडदा वर जातो आणि समोर वॉशिंग्टनचा युद्धकाळातला खराखुरा तंबू उभा असतो, काही क्षणांपुरताच. फोटोला परवानगी नाही, म्हणून सगळे नुसते बघतात. एकच सशुल्क संग्रहालय निवडायचं असेल तर हेच निवडा. कॉन्स्टिट्यूशन सेंटर चांगलं आहे, पण वाचायचं फार. तिथले राज्यघटनेच्या सभेतल्या ४२ जणांचे माणसाएवढे ब्राँझचे पुतळे मात्र मुलांना आवडतात.

संध्याकाळी पाचनंतर जुन्या शहरात पायी. आर्च आणि फिफ्थच्या कोपऱ्यावर कुंपणाच्या गजांतून फ्रँकलिनची कबर दिसते. लोक तिच्यावर पेनी टाकतात. टाकू नका, नाण्यांनी दगडाला खळगे पडलेत. तिथून पूर्वेला, सेकंड आणि फ्रंट स्ट्रीटच्या मधे एल्फ्रेथ्स ॲली आहे: गाडी जेमतेम शिरेल एवढी गल्ली, बत्तीस घरं, आणि अठराव्या शतकापासून आजपर्यंत तिथे माणसं राहताहेत. भिंतींवर एकमेकांची मनगटं धरलेल्या चार हातांचा बिल्ला शोधा. हा १७५२ पासूनच्या विमा संस्थेचा शिक्का, म्हणजे या घराचा आगीचा विमा उतरवलेला आहे. मग मान वर करा: वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी दांडीवर आरसे बसवलेले दिसतील. दार कोणी ठोठावलं ते जिना न उतरता घरात बसूनच बघायची ही सोय. खाली फरसबंदी दगडांची आहे, स्ट्रोलरची चाकं अडकतात आणि गुडघे दुखणाऱ्यांना हात द्यावा लागतो. आवाज बेताचा ठेवा, आत कोणी तरी स्वयंपाक करत असतं.

रात्री जेवण झालं की चेस्टनट स्ट्रीटवरून परत या. घंटेची इमारत बंद असली तरी काचेतून ती उजेडात दिसते, आणि समोर कोणीही नसतं.

रविवार: पार्कवे, आणि आनंदीबाई

सकाळी बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवून सिटी हॉलपासून पार्कवे या रुंद रस्त्याने वायव्येकडे निघा. आर्ट म्युझियमपर्यंत मैलभर चाल आहे; नको असेल तर बस. वाटेत बार्न्स फाउंडेशन आणि रोदॅनचं संग्रहालय लागतं. चित्रांची आवड असणाऱ्यांना बार्न्सलाच अर्धा दिवस पुरणार नाही, आणि आवड नसेल त्यांनी तिथे पैसे घालू नयेत.

आर्ट म्युझियमच्या ७२ पायऱ्या चढून, रॉकीसारखे हात वर करून फोटो काढून लोक माघारी फिरतात. तुम्ही आत जा. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी जमतील तेवढे पैसे देऊन प्रवेश मिळतो. एरवी तिकीट आहे. आशियाई कलेच्या दालनांत मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराचा सोळाव्या शतकातला दगडी मंडप उभा आहे. ॲडलाइन पेपर गिब्सन ही फिलाडेल्फियाची बाई १९१२ मध्ये मदुराईला गेली होती, तिथे देवळाच्या आवारात पडलेले हे खांब तिने विकत घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये परिचारिका म्हणून काम करताना ती वारली, आणि १९१९ मध्ये घरच्यांनी मंडप तिच्या आठवणीसाठी संग्रहालयाला दिला. खांबांवर माणसाच्या उंचीच्या मूर्ती आहेत. आई तिथे गेल्यावर चपला काढायला लागली तर अडवू नका, फक्त फरशी थंड असते हे सांगा. हे बघून आनंद व्हावा की आपल्या देवळाचे खांब इथे कसे याची चुटपुट लागावी, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला दोन्ही वाटतं.

म्युझियमपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा १८२९ चा, आता ओसाड ठेवलेला तुरुंग आहे. मधल्या चौकीतून आऱ्यांसारख्या निघालेल्या कोठड्यांच्या रांगा. कैद्याने एकट्याने बसून पश्चात्ताप करायचा ही कल्पना. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन इथे होता. लहान मुलांना आवडेलच असं नाही, थोरांना मात्र ऑडिओ गाइड घेऊन दीड तास कसा गेला कळत नाही.

या तुरुंगाच्या उत्तरेला गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत लागते. तिच्या बाजूच्या नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर, एकविसाव्या रस्त्यापाशी, वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया होतं. कल्याणला जन्मलेली आनंदी गोपाळ जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघून आली, आधी आपल्या याच न्यू जर्सीत रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिली, आणि मग या कॉलेजात शिकली. ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली तेव्हा तिचं एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस बाकी होते. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. तब्येत खंगलेल्या अवस्थेत ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे आहे.

कॉलेज १९३० मध्ये त्या जागेवरून हललं, त्यामुळे मुद्दाम वाकडी वाट करून तिथे काही बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिची कागदपत्रं ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहेत आणि बरीचशी संकेतस्थळावर वाचता येतात. जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा १८८५ चा तिचा फोटो तिथेच आहे. निघण्याआधी शुक्रवारी रात्री घरी सगळ्यांनी बसून तो बघा आणि तिचा प्रवेशासाठीचा अर्ज मुलांना वाचून दाखवा. मग तुरुंगाच्या दारातून उत्तरेकडे बोट दाखवलं तरी पुरतं.

परतताना

रविवारी संध्याकाळी चार ते सातच्या गाड्या भरलेल्या असतात आणि न्यू जर्सी टर्नपाइक हा टोलचा महामार्ग त्याहून. गाडीने जाणाऱ्यांनी तीनच्या आत निघावं, नाहीतर सरळ जेवूनच निघावं. मधल्या वेळेत निघून काही साधत नाही. ट्रेंटनमार्गे जाणाऱ्यांनी सेप्टाची शेवटून दुसरी गाडी धरावी, शेवटचीच्या भरवशावर राहू नये. घरी न्यायला डोनट हवे असतील तर ते शनिवारीच घेऊन हॉटेलवर ठेवा. रविवारी त्या स्टॉलवर फडकं टाकलेलं असतं.